मेपल कोर्टची हिरवी पिंपं

अमेरिकेतल्या आमच्या गोतावळ्यात कचऱ्याची नोकरी करणारी मी एकटीच. बाकी सगळी मंडळी सॉफ्टवेअरमध्ये. कुणाकडे जेवायला गेलो आणि नवीन कुणी भेटलं की माझे यजमान 'ही सिटी ऑफिसात असते' एवढंच म्हणून घाईघाईने भज्यांकडे वळायचे. समोरचा कौतुकाने विचारायचा, 'कुठल्या डिपार्टमेंटला?' मी म्हणायची, 'कचरा.' मग हातातली प्लेट माणसं नकळत जरा लांब धरायची. मला त्याची मजा वाटायची. आता निवृत्त झाल्यावर तर फारच वाटते.

आमचं गाव मिनिआपोलिसच्या पश्चिमेला, ईडन प्रेरीला लागून. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी नवऱ्यामागोमाग इथे आले, वर्क परमिट हातात पडेपर्यंत घरी बसून वैतागले आणि मिळाली ती पहिली नोकरी धरली. तीही कायमची नव्हे. गावाने हिरव्या पिंपांची योजना काढली होती आणि ती लोकांच्या गळी उतरवायला त्यांना माणूस हवा होता. दुसऱ्याच्या गळी काही उतरवणं हा माझा जन्मजात गुण आहे, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात.

योजना साधी होती. स्वयंपाकघरातला ओला कचरा, म्हणजे सालं, चहाचा चोथा, उरलेला भात, अंड्यांची टरफलं, हे सगळं हिरव्या पिंपात टाकायचं. गुरुवारी ट्रक यायचा, त्याचा लोखंडी हात पिंप उचलून पोटात उलटं करायचा आणि माल गावाबाहेरच्या खताच्या आवारात जायचा. तिथे लांबच लांब ढीग रचलेले. यंत्राने ते वरखाली करत राहायचं. ढीग आतून इतका तापतो की भर हिवाळ्यातसुद्धा त्यातून वाफ निघते. वर्ष सरता सरता त्याची काळी, भुसभुशीत माती होते आणि गावकरी ती बागेसाठी घेऊन जातात. या सगळ्याला वैरी एकच, प्लॅस्टिक. ते कुजत नाही, यंत्रात फाटतं आणि चिंध्या होऊन मातीत उरतं. ट्रकमध्ये चार पिशव्या दिसल्या की आवारातला माणूस अख्खा माल नाकारायचा, आणि मग तो माल निमूटपणे साध्या कचऱ्याच्या डोंगरावर जायचा. आम्ही या प्रकाराला भेसळ म्हणत असू.

दोन हजार सहाच्या वसंतात बंगल्यांना आणि मालकीच्या घरांच्या एक-दोन इमारतींना पिंपं मिळाली. भाड्याच्या अपार्टमेंटनाही द्या, असा मी गावाच्या कौन्सिलपुढे हट्ट धरला. लिंडक्विस्टबाई म्हणून एक ज्येष्ठ सभासद होत्या. गोऱ्यापान, कडक आणि बोलायला अगदी सरळ. त्या म्हणाल्या, "अपार्टमेंटमधले लोक हे करणार नाहीत. ते आज येतात, उद्या जातात. त्यांना या गावाचं काय पडलंय?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आमच्या गावात अपार्टमेंटमध्ये कोण राहायचं, ते मला ठाऊक होतं. पुण्या-मुंबईची, नागपूरची, हैदराबादची पोरं-पोरी, म्हणजे आम्हीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, एक वसाहत द्या, एक वर्ष द्या. ठरलं असं की मेपल कोर्ट नावाच्या वसाहतीत प्रयोग करायचा, फेब्रुवारीत कौन्सिलने स्वतः येऊन पिंपं उलटी होताना बघायचं आणि भेसळ दिसली किंवा काम अडलं तर अपार्टमेंटचा विषय कायमचा बंद. माझी नोकरीही त्याबरोबर बंद. मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

माझा साहेब ग्लेन, कचऱ्यात केस पांढरे केलेला माणूस. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तू जरा विचार करून हो म्हणायला हवं होतंस."

"विचार केला असता तर नाहीच म्हटलं असतं," मी म्हणाले.

पहिल्या गुरुवारी झाकणं उघडली आणि मी कपाळाला हात लावला. प्रत्येक पिंपात प्लॅस्टिकच्या पिशव्या. साध्यासुध्या नव्हेत, व्यवस्थित गाठ मारलेल्या, काही तर पिशवीत पिशवी घालून दुहेरी गाठींच्या. ग्लेन आत डोकावला आणि म्हणाला, "इतका नीटनेटका चुकीचा कचरा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

मी पाट्या लावल्या. पिशवीचं चित्र, त्यावर लाल फुली. काही फरक पडला नाही. मग दारोदार फिरले. प्रत्येक स्वयंपाकघरात दारामागे एक पिशवी टांगलेली आणि तिच्यात ठासून भरलेल्या शंभर पिशव्या. फेकायच्या कशा, चांगल्या आहेत. हे तर माझ्याही घरी होतं, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती.

"काकू, आम्ही तर डबल बॅग करून टाकतो," निनाद वैद्य नावाचा मुलगा अभिमानाने म्हणाला. हा पुण्याचा, एका मोठ्या कंपनीत कामाला. त्याची बायको केतकी म्हणाली, "कचरा असा उघडा कसा टाकायचा? पिंप घाण होतं. वास येतो. शेजारचे काय म्हणतील, इंडियन्स आहेत म्हणून?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही मंडळी आळशी नव्हती, बेफिकीरही नव्हती. उलट स्वच्छतेपायी, अब्रूपायी ती योजनेचं वाटोळं करत होती. आळशी माणसाला टोचून बोलता येतं. या लोकांना काय बोलणार?

बंगल्यांकडची तऱ्हा वेगळी. तिथे एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने मला फोन करून अगदी नम्रपणे विचारलं होतं की हरणाचं डोकं हिरव्या पिंपात चालेल का. शिंगं काढून घेतली आहेत, असंही वर सांगितलं. एक बाई अंड्यांची टरफलं भांड्यांच्या साबणाने धुऊन, पुसून टाकायच्या. रोज झाकणं उघडून उघडून मला घरं वाचता यायला लागली होती. कोथिंबिरीच्या काड्या आणि चहाचा चोथा एकदम वाढला की समजायचं, भारतातून आई-वडील आलेत. नुसते पिझ्झाचे खोके दिसायला लागले की ते परत गेलेत.

निनादकडे त्या जूनमध्ये आई-वडील आले आणि त्यांच्या पिंपात कोथिंबिरीच्या काड्या वाढल्या. पिशवीत बांधलेल्या, अर्थात. मी पुन्हा एकदा समजूत घालायला गेले. वैद्यकाकू हॉलमध्ये गालिच्यावर बसून मेथी निवडत होत्या. पुढ्यात पसरलेला जुना इंग्रजी पेपर, एका बाजूला पानं, दुसऱ्या बाजूला काड्यांचा ढीग. भाजी निवडून झाली तशी त्यांनी पानं चाळणीत भरली, काड्यांसकट पेपर गुंडाळला, दोन्ही टोकं आत मुडपली आणि तो घट्ट पुडा घेऊन त्या उठल्या. दारामागची पिशवी काढली आणि पुडा तिच्यात घालू लागल्या.

"काकू, थांबा," मी म्हटलं. "ती पिशवी नको. आता आहे तसंच टाका."

"असंच? अगं, उघडं?"

"उघडं कुठे आहे? तुम्हीच तर बांधलंय."

त्यांनी हातातल्या पुड्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागल्या. पेपर कुजतो. खताच्या आवारात पेपर हवाच असतो, ओल शोषायला. म्हणजे आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या अर्धं काम बरोबर करत होत्या. शेवटची पिशवी तेवढी या देशाने आमच्या हातात दिली होती. मी ऑफिसला जाऊन ग्लेनला विचारलं, छापील पेपरची शाई चालते का. त्याने आवारात फोन लावला. गुळगुळीत, चकचकीत कागद सोडून सगळं चालेल, असं उत्तर आलं, आणि मी ऑफिसात उभ्या उभ्या टाळी वाजवली.

मग वैद्यकाकांनी कारभार हाती घेतला. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील म्हणजे अमेरिकेतली सर्वांत कंटाळलेली माणसं. मुलगा-सून ऑफिसात, गाडी चालवता येत नाही, टीव्हीत मन रमत नाही. काकांनी वसाहतीतले असे सगळे सासू-सासरे गोळा केले. इंडियन ग्रोसरीच्या दुकानातून फुकट मिळणाऱ्या साप्ताहिकांचे गठ्ठे आणले. संध्याकाळी बाकावर बसून सगळे घड्या घालायचे आणि दारोदार वाटायचे. सकाळी पांढरे बूट आणि माकडटोपी घालून काका पिंपांशी उभे. पिशवी घेऊन येणारा दिसला की "बॅग नो. पेपर यस." समोरचा तेलुगू असो, रशियन असो की त्यांच्याहून हातभर उंच अमेरिकन, काकांचं इंग्रजी तेवढंच आणि ते पुरायचं.

गणपतीत मात्र तेच काका अडून बसले. निर्माल्य हिरव्या पिंपात टाका म्हटल्यावर म्हणाले, "जिथे कोंबडीची हाडं पडतात तिथे बाप्पाची फुलं? उज्ज्वलाबाई, हे मला जमायचं नाही." मी वाद घातला नाही. नवीन कोरं पिंप आणलं, त्यात फक्त फुलं आणि दूर्वा भरल्या आणि काकांना गाडीत घालून थेट आवारात नेलं. त्यांनी स्वतःच्या हाताने निर्माल्य ढिगावर ठेवलं. आतली ऊब हाताला लागली तशी ते जरा दचकले आणि मग हात जोडून उभे राहिले. परत येताना म्हणाले, "नदीत टाकण्यापेक्षा हे बरं. नदीत ते कुठे जातं, कुणाला माहीत?" सगळीच भांडणं काही अशी मिटली नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणावळीतल्या थर्माकोलच्या प्लेटांशी मी निवृत्तीपर्यंत झगडले आणि हरले. अजूनही तिथे जेवताना घास घशाखाली उतरत नाही.

ऑक्टोबरात थंडी पडायला लागली आणि आई-वडील एकेक करून परत गेले. कुणाचा व्हिसा संपला, कुणाला दिवाळी घरची हवी होती, बर्फ तर कुणालाच नको होता. बाक रिकामा झाला. आणि तपासणी फेब्रुवारीत. नोव्हेंबरात झाकण उघडलं तर वरच दुहेरी गाठीची पिशवी. पुढच्या गुरुवारी चार. डिसेंबर सरत आला तरी तेच, तेव्हा मी निनादला गाठलं.

"काकू, सकाळी इंडियाच्या टीमशी ऑफशोअर कॉल असतो यार," तो म्हणाला. "पेपर कोण घडी घालत बसणार? बाबा होते तोवर ठीक होतं."

"आणि ती बाई काय म्हणाली होती, ठाऊक आहे?" मी त्याला लिंडक्विस्टबाईंचं वाक्य ऐकवलं. आजवर ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. केतकी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "असं म्हणाली? ऑन रेकॉर्ड?"

त्यानंतर केतकीनेच विचारलं, काय करायचं ते सांगा. संक्रांत जवळ आली होती आणि तिच्याकडे हळदीकुंकू होतं. मला एकदम सुचलं. स्वयंपाकघरात ठेवायचे झाकणाचे छोटे हिरवे डबे गावाने घेतले होते. बंगलेवाल्यांनी ते न्यायची तसदी घेतली नाही, म्हणून गोदामात धूळ खात पडले होते. मी ते वाण म्हणून मागितले. वाण म्हणजे काय, हे ग्लेनला समजावणं हा एक स्वतंत्र अनुभव होता.

"म्हणजे तू त्यांना कचऱ्याचा डबा भेट देणार, आणि त्या आनंदाने घेणार?"

"वाण नाकारत नाहीत. आणि घरात नेलं की वापरावं लागतं."

ग्लेनने मान हलवत चावी दिली. हळदीकुंकवाला अख्खं मेपल कोर्ट लोटलं. तेलुगू बायका आल्या, दोन रशियन बायका आल्या, खालच्या मजल्यावरची अमेरिकन नर्स तिळगूळ खायला म्हणून आली. प्रत्येकीसाठी एक डबा, आत पेपरच्या घड्या. मी डब्यांना कुंकवाचं बोट लावायला लागले तशी केतकी दचकली.

"काकू, कचऱ्याच्या डब्याला कुंकू?"

"लक्ष्मीपूजनाला केरसुणीला लावतेस ना?"

करंडा माझ्या हातातून घेऊन उरलेल्या डब्यांना तिनेच कुंकू लावलं. पुण्याहून काका दर रविवारी फोन करत होतेच. निनाद तक्रार करायचा, "बाबा आधी कचरा विचारतात, मग मला." पण सकाळी पिंपांशी आता तो स्वतः उभा दिसायला लागला, कानाला कॉल लावलेला, आणि पिशवीवाल्याला नुसत्या हाताने मागे फिरवणारा.

डिसेंबर त्या वर्षी उबदार गेला होता. खरी थंडी उतरली ती नेमकी तपासणीच्या आठवड्यात. नाकातले केस गोठतात अशी मिनेसोटाची थंडी. लिंडक्विस्टबाई, आणखी दोन सभासद, ग्लेन आणि मी असे व्हॅनमधून ट्रकच्या मागे निघालो. आधी बंगल्यांची गल्ली. लोखंडी हाताने पिंप उचललं, उलटं केलं, आणि काहीच पडलं नाही. ड्रायव्हरने ते हलवलं, पुन्हा हलवलं. आतला ओला कचरा पिंपाच्या अंगाला गोठून दगड झाला होता. तो बिचारा पहार घेऊन खाली उतरला. दुसरं पिंप तसंच. तिसरं तसंच. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो ग्लेनचा चेहरा उतरला होता आणि लिंडक्विस्टबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

मी प्लॅस्टिकशी लढले होते, बर्फाचा विचारच केला नव्हता. बंगल्यांची ही गत, तर इतक्या घरांचं ओलं एकत्र पडणाऱ्या मेपल कोर्टचं काय होणार? वर्षभराची मेहनत आता दगड होऊन पिंपात अडकलेली दिसणार, असं मी धरूनच चालले.

आम्ही पोहोचलो तेव्हा केतकी, निनाद आणि बरीच मंडळी जाकिटं घालून, ऑफिसला उशीर करून उभी होती. ट्रकचा हात खाली आला, पिंप वर गेलं, उलटं झालं. आणि पेपरचे पुडे धडाधड ट्रकच्या पोटात कोसळले. एकही मागे राहिला नाही. ओल पेपरने आतल्या आत शोषली होती, त्यामुळे पिंपाला चिकटायला काही उरलंच नव्हतं. दुसरं पिंप रिकामं झालं. तिसरं झालं. ड्रायव्हरने खिडकीतून अंगठा वर केला आणि निनादने इतक्या जोरात शिट्टी मारली की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

लिंडक्विस्टबाई व्हॅनमधून उतरल्या. शेवटचं पिंप त्यांनी थांबवलं, झाकण स्वतः उघडलं आणि वरचा पुडा उचलून हातमोज्यांनी सोडवला. मेथीच्या काड्या, संत्र्याची सालं, चहाचा चोथा. प्लॅस्टिकचा एक तुकडा नाही. त्या वाकून पिंपात खोलवर बघत राहिल्या.

"हे यांना कोणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे भाजी अशीच निवडतात."

कौन्सिलची सभा मार्चमध्ये झाली. एरवी तिथे चार म्हातारे आणि एक पेंगणारा बातमीदार असायचा. त्या संध्याकाळी मेपल कोर्टने हॉल भरून टाकला. मंडळी ऑफिसातून तशीच आली होती, गळ्यात बिल्ले लोंबत होते, कडेवर मुलं होती. बोलायची वेळ आली तेव्हा मी उठलेच नाही, केतकी उठली. तिने घरून आणलेला पेपर टेबलावर पसरला, काड्या मध्ये ठेवल्या आणि सगळ्यांसमोर पुडा बांधून दाखवला. अपार्टमेंटना पिंपं द्यायची की नाही, यावर मत घेतलं आणि सगळे हात वर गेले. पहिला हात लिंडक्विस्टबाईंचा होता. ग्लेनने माझ्या कानात सांगितलं की माझी जागा आता कायम झाली. मला नीट ऐकूही आलं नाही, इतक्या टाळ्या चालल्या होत्या.

सभा संपल्यावर लिंडक्विस्टबाई सरळ केतकीकडे आल्या. "आमच्या बिल्डिंगचं पिंप अजून गोठलेलंच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही शनिवारी येऊन दाखवाल का?"

"येतो ना," केतकीच्या आधी निनादच बोलला. "ओन्ली, पेपर तुमचे."

शनिवारी आम्ही गेलो. तळ्याकाठची ती शांत इमारत, खाली लॉबीत टेबलं जोडलेली आणि भोवती स्वीडिश, नॉर्वेजियन आज्या आपापले पेपर मांडून बसलेल्या. लिंडक्विस्टबाईंचा पुडा सारखा सुटत होता. केतकी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणत होती, "नो, नो, टाइट. टोकं आत. अगेन." आणि त्या कडक बाई मुकाट्याने पेपर सरळ करून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळत होत्या. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. दिवसभरात मला एक शब्द बोलावा लागला नाही, आणि सबंध नोकरीत इतकी सुखी मी दुसऱ्या कुठल्याच दिवशी नव्हते.